सजीवांची उतरंड कोणी रचली?

खेड्यातल्या माणसाला जनावरांची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. गाय, म्हैस, शेळी, घोडे, कोंबड्या ही सगळी मंडळी त्याच्या दारातच असतात. पण समजा तुम्हाला कोणी विचारले, की गाईला सर्वांत जवळचे जनावर कोणते, तर काय उत्तर द्याल? म्हैस, असेच बहुतेक जण म्हणतील आणि दारातल्या जनावरांपुरते ते फारसे चूकही नाही. परंतु राधानगरीच्या रानात जाऊन गवा पाहा. काळाभोर रंग, अवाढव्य अंग, कपाळावर शिंगांची कमान. त्याला आपण सरसकट गवा रेडा म्हणतो. प्राणिशास्त्रज्ञ मात्र सांगतो, की हा रेडा मुळीच नव्हे. हा गाईचा भाऊबंद. गाय आणि गवा यांचे शास्त्रीय आडनाव एक, बॉस. म्हशीचे आडनाव निराळे, ब्युबॅलस.

याच्या उलट गंमत विदर्भातल्या रोह्याची. उत्तरेत त्यालाच नीलगाय म्हणतात. नावात गाय आहे एवढ्यासाठी तिला मारणे लोक पाप समजतात आणि शेतकरी उभ्या पिकाची नासाडी बघत बसतो. आता ही नीलगाय गाईच्या मोठ्या कुळातली आहे हे खरे, पण ती गाय नव्हे. तिचा सख्खा नातेवाईक म्हणजे आपल्या रानातला चौशिंगा. म्हणजे बघा, एका जनावराला नावाने रेडा ठरवले आणि दुसऱ्याला गाय, आणि दोन्हीकडे नाव फसवे निघाले.

मग खरे नाते ओळखायचे कसे? शाळेच्या पुस्तकात यासाठी सात शब्द दिलेले असतात: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. मुले ते वाराच्या नावांसारखे घोकतात आणि परीक्षेनंतर विसरतात. गुरुजींना माझी विनंती आहे, की हे शब्द फळ्यावर लिहून न थांबता मुलांना गोठ्यात न्यावे. गाईपासून सुरुवात करावी आणि एकेक जनावर तिच्याबरोबर कोठपर्यंत चालत येते ते पाहावे. गवा प्रजातीपर्यंत येतो आणि शेवटच्या पायरीवर, जातीशी, वेगळा होतो. म्हैस आणि शेळी कुलापर्यंत येतात, प्रजातीला फुटतात. घोडा त्याही आधी, गणाशीच, रामराम करतो. गाईचे खूर दुभंगलेले, घोड्याचा एकसंध. कोंबडी वर्गाशी थांबते, कारण ती अंडी घालते, पिलांना दूध पाजत नाही. आणि शेणाच्या उकिरड्यातले गांडूळ? त्याच्या पाठीत कणा नाही. ते सृष्टीपुरते सोबती, म्हणजे प्राणी खरे, पण संघ निराळा.

इथे शब्दांची एक अडचण सांगून ठेवतो. आपल्या मराठी पुस्तकांत शेवटची पायरी म्हणजे जाती आणि तिच्या वरची प्रजाती. हिंदीत प्रजाती हा शब्द शेवटच्या पायरीलाच लावतात. हल्ली वर्तमानपत्रांत हिंदीचे वळण आले आहे, त्यामुळे एकाच शब्दाचे दोन अर्थ मुलांच्या डोक्यात घोळतात. परीक्षेत गुण जातात ते यामुळे.

ही उतरंड निसर्गात कोठे लिहिलेली नाही. ती माणसांनी रचली. तीही एकाने, एका दिवसात नाही. एकेक गाडगे वेगवेगळ्या हातांनी, दोनशे वर्षांहून अधिक काळात, कधी मधे सरकवून, कधी वर चढवून ठेवले गेले.

सजीवांची विभागणी करण्याची हौस मात्र फार जुनी. आपल्याकडे प्राण्यांचे चार भाग प्रसिद्धच आहेत: वारेसकट जन्मणारे जरायुज, अंड्यातून निघणारे अंडज, घामातून किंवा ओलाव्यातून होतात अशी समजूत होती ते स्वेदज, आणि जमीन फोडून वर येणारे उद्भिज्ज. चरकसंहितेत वनस्पतींचेही चार प्रकार आहेत. फुलावाचून फळते ती वनस्पती, फुलून फळते ते वानस्पत्य, फळ पिकताच जिचा अंत होतो ती ओषधी, आणि पसरते ती वीरुध. वैद्याला आणि शेतकऱ्याला उपयोगी पडेल अशी ही चांगली विभागणी आहे. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने प्राण्यांचे असेच बारकाईने निरीक्षण केले होते. देवमासा हवेत श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो, म्हणून तो माशांहून निराळा, हे त्याला दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते. परंतु या जुन्या व्यवस्थांत एक गोष्ट नव्हती. एका डब्यात दुसरा, दुसऱ्यात तिसरा, अशी प्रत्येक जीवाला लागू पडणारी ठरावीक पायऱ्यांची रचना नव्हती. तिची गरज पडली ती युरोपातली गलबते जगभर फिरू लागल्यावर.

सोळाव्या-सतराव्या शतकांत अमेरिकेतून, आफ्रिकेतून, हिंदुस्थानातून हजारो नव्या वनस्पती युरोपच्या बागांत येऊन पडल्या. नावे कोणी कशीही देई. वनस्पतीचे नाव म्हणजे तिचे वर्णनच असे. आपण ज्याला टोमॅटो म्हणतो त्याचे नाव साधारण असे होते: बिनकाट्यांच्या मऊ खोडाचे, पिसासारख्या कातरलेल्या पानांचे सोलॅनम. आता हे नाव घेऊन बाजारात जायचे म्हणजे पाठ करता करता भाजी सुकायची! शिवाय आणखी एक तशीच पण थोडी निराळी वनस्पती सापडली, की वर्णन आणखी लांबवावे लागे.

इंग्लंडमध्ये जॉन रे याने १६८६ साली जातीची खूण सांगितली. बीजातून पिढ्यान्‌पिढ्या जो फरक कायम उतरतो, तोच दोन जातींमधला खरा फरक. एकाच बियाण्यातून उंच-ठेंगणी रोपे आली म्हणून जाती निराळी होत नाही. शेतकऱ्याला यात नवे काही वाटणार नाही, पण शास्त्रात ते प्रथमच इतके स्पष्ट लिहिले गेले. फ्रान्समध्ये तूर्नफोर याने १६९४ च्या ग्रंथात प्रजातीची पायरी पक्की केली. म्हणजे उतरंडीची खालची दोन गाडगी आधी बसली. वरचा पसारा मांडायला एक स्वीडिश माणूस यायचा होता.

कार्ल लिनियस याचा जन्म १७०७ सालचा, स्वीडनमधल्या एका खेड्यातला. बाप धर्मोपदेशक होता आणि त्याला बागेचा नाद होता. लिनियस हे आडनावसुद्धा बापाने घराजवळच्या एका मोठ्या झाडावरून घेतलेले. मुलगा पुढे वैद्यक शिकला, लॅपलंडच्या बर्फाळ मुलखात एकटा हिंडून आला, आणि १७३५ साली हॉलंडमध्ये गेला. त्याच वर्षी त्याने 'सिस्टिमा नॅचुरी' नावाचे पुस्तक छापले. पुस्तक कसले, डझनभर मोठी पाने! पण त्या पानांवर सारी सृष्टी कोष्टकात बसवलेली होती. खनिजे, वनस्पती, प्राणी अशा तीन सृष्टी, त्यांचे वर्ग, वर्गांचे गण, गणांच्या प्रजाती, आणि प्रजातींच्या जाती. पुढे १७५१ साली त्याने या पायऱ्या समजावून सांगताना राज्य, प्रांत, परगणा, खेडे अशी उपमा दिली. दुसरी उपमा लष्करातली, पलटणीपासून एकट्या शिपायापर्यंत. मला पहिली अधिक आवडते, कारण आपला सातबारा याच पद्धतीने चालतो. गट नंबर, गाव, तालुका, जिल्हा. एवढे सांगितले की जमीन सापडते.

सापडणे, हाच लिनियसचा हेतू होता. त्यासाठी वनस्पतींच्या बाबतीत त्याने अगदी सोपी युक्ती काढली. फूल घ्या, त्यातले पुंकेसर मोजा, वर्ग ठरला. स्त्रीकेसराचे भाग मोजा, गण ठरला. शाळेतल्या पोरालाही जमेल अशी ही रीत, म्हणून ती झपाट्याने पसरली. पण सोपेपणाची किंमत पडतेच. पाच पुंकेसरांच्या वर्गात वांगे गेले, मिरची गेली, धोतरा गेला, इथपर्यंत ठीक. परंतु त्याच वर्गात आणि त्याच गणात आंबा, द्राक्ष आणि कॉफीही जाऊन बसली. आंबा आणि वांगे सख्खे शेजारी! आणि आंब्याच्या मोहोरात त्या पाचांपैकी बहुधा एकच पुंकेसर कामाचा असतो, तो भाग वेगळाच. लिनियसला हे कळत नव्हते असे नाही. ही व्यवस्था कृत्रिम आहे, खऱ्या नात्यांची व्यवस्था पुढे कोणीतरी शोधायची आहे, असे तो स्वतः म्हणे.

त्याचे टिकलेले काम दुसरे. १७५३ साली त्याने सुमारे सहा हजार वनस्पतींची यादी प्रसिद्ध केली आणि प्रत्येकीला दोनच शब्दांचे नाव दिले. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. वांगे सोलॅनम मेलॉन्जिना, बटाटा सोलॅनम ट्युबरोसम, टोमॅटो सोलॅनम लायकोपर्सिकम. १७५८ साली 'सिस्टिमा'च्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांनाही तसेच केले. वनस्पतींची नावे आजही १७५३ पासून आणि प्राण्यांची बहुतेक १७५८ पासून मोजतात. त्याआधीची नावे धरत नाहीत.

स्वीडनमध्ये बसलेल्या या माणसाला आंबा, फणस, सुपारी यांची माहिती कोठून मिळाली? तो हिंदुस्थानात कधी आलाच नाही. ती माहिती गेली मलबारातून. कोचीनचा डच गव्हर्नर व्हॅन रीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा प्रचंड सचित्र ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याचे नाव 'हॉर्टस मलबारिकस', म्हणजे मलबारचा बगीचा. वनस्पती ओळखून त्यांचे गुण सांगणारे होते इट्टी अच्युतन नावाचे मलबारी वैद्य आणि त्यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तिघे कोकणी बोलणारे वैद्य. या तिघांनी कोकणी भाषेत, नागरी लिपीत लिहून दिलेला दाखला पहिल्या खंडात छापलेला आहे. चित्रांवरही नागरीत नावे आहेत. लिनियसने आपल्या यादीत या ग्रंथाचा आधार जागोजाग घेतला. नावे लॅटिन पडली, पण त्यांच्याखालचे ज्ञान आपल्याकडच्या वैद्यांचे होते, एवढे ध्यानात असावे.

आता राहिलेल्या पायऱ्या. कुल ही पायरी लिनियसकडे नव्हतीच. फ्रेंच अभ्यासक आदाँसाँ याने १७६३ साली वनस्पतींची कुले मांडली. एकाच अवयवावर भिस्त न ठेवता पान, फूल, फळ, बी, सगळे बघावे असे त्याचे म्हणणे. १७८९ साली, फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा भडका उडाला त्याच वर्षी, जुसिअ याने असे शंभर नैसर्गिक गट केले. आंबा, द्राक्ष आणि कॉफी वांग्यापासून दूर गेली आणि वांगे, बटाटा, मिरची, धोतरा, तंबाखू हे एका घरात आले. संघाची पायरी त्याहून उशिरा आली. क्यूव्हिए याने १८१२ साली प्राण्यांच्या चार मोठ्या शाखा केल्या आणि हेकेल याने १८६६ साली त्या पायरीला आजचे लॅटिन नाव दिले.

वांग्याच्या कुलाची ही गोष्ट नुसती पुस्तकी नाही, बरं का. बटाट्यावरचा करपा टोमॅटोवर पडतो, कारण नाते जवळचे आहे. मर रोग लागलेल्या वांग्याच्या जागी टोमॅटो किंवा मिरची लावली तर रोग जमिनीत दबा धरून असतोच. म्हणून कृषिखाते सांगते, की फेरपालट करताना एका कुलाच्या भाज्या पाठोपाठ घेऊ नका. उलट हेच नाते कामीही येते. रानवांग्याच्या काटक खुंटावर टोमॅटोचे कलम जगते. आंब्याच्या खुंटावर जगणार नाही, मग पुंकेसर पाच असोत की पन्नास.

लिनियसने आणखी एक धाडस केले आणि त्याच ठिकाणी त्याच्या हातून मोठे पापही घडले. धाडस असे, की त्याने माणसाला प्राण्यांच्या यादीत बसवले, वानरांच्या गणात, वटवाघळाच्या शेजारी. होमो सेपियन्स हे नाव १७५८ चे. धर्मपीठांना ते रुचणारे नव्हते. पण तेवढ्यावर न थांबता त्याने माणसाचे खंडांप्रमाणे चार पोटप्रकार केले आणि प्रत्येकाला रंगाबरोबर स्वभावही चिकटवला. युरोपीय माणूस कायद्याने चालणारा, आफ्रिकी माणूस लहरीने चालणारा, अशा तऱ्हेचे शेरे शास्त्रग्रंथात छापले गेले. पान मोजावे, पुंकेसर मोजावे, ते ठीक. पण जो लोकसमूह आपण पाहिलासुद्धा नाही त्याचा स्वभाव कोष्टकात भरायचा, याला शास्त्र म्हणता येत नाही. पुढे दीडदोनशे वर्षे गुलामगिरीच्या आणि वर्णद्वेषाच्या समर्थकांना या कोष्टकाचा आधार सापडत राहिला. १९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन या शास्त्रज्ञाने माणसांच्या रक्तातील प्रथिनांतले फरक मोजले. त्याला आढळले, की माणसामाणसांतल्या एकंदर फरकापैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत असतो.

आपल्या वर्गात हा विषय शिकवताना गुरुजींना जपावे लागते, कारण शेवटच्या पायरीचा मराठी शब्दच जाती हा आहे आणि तो ऐकताच मुलाच्या मनात गावातली जात उभी राहते. ज्यांचा आपसांत वंश चालतो आणि पुढेही चालू राहतो, तो समूह म्हणजे शास्त्रातली जाती. घोडा आणि गाढव यांचे खेचर होते, पण खेचराचा वंश सहसा पुढे जात नाही, म्हणून त्या दोन जाती. या अर्थाने तुमच्या गावातल्या सर्व आळ्या, सर्व वाडे, सर्व वस्त्या मिळून माणसांची जाती एकच आहे. उतरंड हा शब्दही म्हणून थोडा बेतानेच घ्यावा. उतरंडीत एक गाडगे दुसऱ्याच्या डोक्यावर बसते. सजीवांच्या पायऱ्यांत तसे वर-खाली कोणी नसते. मोठ्या डब्यात लहान डबा, एवढाच त्याचा अर्थ.

जातीची ओळख चुकली तर काय होते, याचा धडा डासांनी दिला. रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर १८९५ पासून हिंदुस्थानात हिवतापाचा माग काढत होता. रोग्याचे रक्त पिऊन टम्म झालेले डास तो सूक्ष्मदर्शकाखाली चिरून पाही. दोन वर्षे हाती काही लागले नाही, कारण तो पाहत होता ते डास हा रोग वाहणाऱ्यांपैकी नव्हतेच. डासांच्या वर्गीकरणाचे पुस्तक त्याच्याजवळ नव्हते. तो आपला करडे डास, पट्ट्यांचे डास अशी घरगुती नावे देऊन काम चालवी. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला त्याला ठिपकेदार पंखांच्या डासाच्या पोटात हिवतापाच्या जंतूच्या गाठी दिसल्या. या डासांच्या प्रजातीला ॲनॉफिलीस हे नाव मायगेन याने १८१८ सालीच दिलेले होते. एकुणऐंशी वर्षे ते नाव पुस्तकात होते आणि ज्याला त्याची सर्वांत अधिक गरज होती त्याच्या टेबलावर ते पुस्तक नव्हते. पुढच्याच वर्षी इटलीत ग्रासी या प्राणिशास्त्रज्ञाने, डासांच्या जातींची चांगली माहिती असल्यामुळे, माणसाचा हिवताप ॲनॉफिलीसच पसरवतो हे दाखवले. मग रॉस आणि ग्रासी यांचे श्रेयावरून कडाक्याचे भांडण झाले. असो.

पण कोडे संपले नव्हते. युरोपात काही भागांत ॲनॉफिलीस भरपूर आणि हिवताप नाही, असे दिसू लागले. डास तर हुबेहूब एकसारखे. १९२६ साली इटलीच्या आरोग्यखात्यातल्या फालेरोनी नावाच्या माणसाने डासांऐवजी त्यांची अंडी निरखली. अंड्यांवरची नक्षी निरनिराळी निघाली! पुढच्या काही वर्षांत सिद्ध झाले, की ज्याला एक जाती समजत होते त्या मुळात अनेक जाती आहेत. काही माणसाला चावतात, काही गुराढोरांवरच भागवतात. फवारणीचा पैसा कोठे खर्च करायचा ते यावर ठरते. आपल्या खेड्यांत हिवताप पसरवणाऱ्यांत मुख्य असा क्युलिसिफेसीज डासही असाच, बाहेरून एक आणि आत पाच जातींचा निघाला आहे, आणि त्यांतली एक जाती रोग वाहण्यात अगदीच कच्ची आहे.

या साऱ्या वर्गीकरणाचे मूळ कारण काय, हे डार्विनने सांगितले. लिनियसचा संग्रह १७८४ साली एका इंग्रजाने विकत घेतला आणि लंडनला लिनियसच्या नावाने संस्था निघाली. जाती कायमच्या ठरलेल्या आहेत असे मानणाऱ्या लिनियसच्या नावाच्या त्याच संस्थेत १ जुलै १८५८ रोजी डार्विन आणि वॉलेस यांचे जाती बदलतात असे सांगणारे निबंध वाचले गेले. पुढच्या वर्षी निघालेल्या डार्विनच्या ग्रंथात चित्र एकच आहे, फांद्या फुटत जाणाऱ्या वंशवृक्षाचे. गाय आणि गवा सारखे, कारण त्यांचा पूर्वज एक. म्हणजे नाते खरे आहे. त्या नात्यावर आपण ओढलेल्या रेघा मात्र आपल्या सोयीच्या. १९८१ साली रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग निराळा झाला, म्हणून सावंतवाडी काही जागची हलली नाही.

अशा रेघा पुसून नव्या ओढण्याचे काम अजून चालूच आहे. देवमाशाचे पाहा. लिनियसने १७३५ साली त्याला माशांत घातले, १७५८ साली तेथून उचलून सस्तन प्राण्यांत आणले. तेथे तो दोनशेहून अधिक वर्षे आपल्या स्वतंत्र गणात होता. मग आनुवंशिक द्रव्याची तुलना होऊ लागली आणि देवमाशाचे जवळचे नाते पाणघोड्याशी निघाले. २००१ साली पाकिस्तानात सापडलेल्या प्राचीन देवमाशांच्या घोट्याच्या हाडाला गाई-शेळीच्या हाडाला असतात तशाच दोन्हीकडे खाचा दिसल्या. जम्मूकडील कालाकोट भागात रंगा राव या भूवैज्ञानिकाने गोळा केलेल्या खडकांत इंडोहायस नावाच्या एका लहानशा खुरवाल्या प्राण्याची हाडे होती. २००७ साली त्याच्या कानाच्या हाडाची ठेवण देवमाशासारखी असल्याचे जाहीर झाले. आज देवमासा समखुरी प्राण्यांच्या गणात, गाईच्या गोटात आहे. खूर नाहीत, पायही नाहीत, तरी समखुरी! पक्ष्यांचेही तसेच. सुसर ही पालीपेक्षा कोंबडीला जवळची आहे, हे आता पक्के झाल्यामुळे सरपटणारे प्राणी हा जुना वर्ग डळमळला आहे. जर्मन कीटकशास्त्रज्ञ हेनिग याने १९५० साली मांडले, की ज्या गटात एका पूर्वजाची सगळी संतती येत नाही तो गट धरूच नये. पायऱ्याच काढून टाका म्हणणारेही शास्त्रज्ञ आहेत. दुसऱ्या बाजूने पायऱ्या वाढतही आहेत. १९९० साली वोज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सृष्टीच्याही वर एक पायरी चढवली. मला वाटते, पायऱ्या राहतील. पत्ता लिहायला काहीतरी लागतेच.

आणि पत्त्यावर अजून सगळी घरे चढलेली नाहीत. केरळात इडुक्की भागात, सह्याद्रीच्या कुशीत, एक जांभळट, फुगीर, टोकदार नाकाचा बेडूक राहतो. वर्षभर तो जमिनीखाली वाळवी खात असतो आणि पावसाच्या तोंडी अंडी घालण्यापुरता थोडे दिवस वर येतो. तिथल्या लोकांना तो माहीत होता. शास्त्राने त्याला नाव दिले २००३ साली, बिजू आणि बॉसुइट यांनी. संस्कृत नासिका आणि ग्रीक बॅट्रॅकस, म्हणजे बेडूक, यांची सांगड घालून नाव केले नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस. आश्चर्य असे, की तो कोणत्याही ठाऊक प्रजातीत बसेना आणि कोणत्याही ठाऊक कुलातही बसेना. नवी जाती नेहमीच सापडते, बेडकाचे नवे कुल सापडणे ही फार दुर्मिळ गोष्ट. त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक मिळाले हिंदी महासागरापलीकडच्या सेशेल्स बेटांवर, जी फार प्राचीन काळी हिंदुस्थानच्या भूमीला जोडलेली होती. चौदा वर्षे हे कुल एकट्या बेडकाचे होते. २०१७ साली सह्याद्रीच्या तमिळनाडूकडच्या उतारावर त्याची दुसरी जाती सापडली आणि त्या कुलात दोन घरे झाली.